एक क्रॉसिंग, दोन गाड्या : मासाई मारातील एका दिवसाचा प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २०२४ मध्ये केनियातील मासाई मारा अभयारण्यात गेलेल्या अकरा मराठी पर्यटकांच्या गटाबरोबर मी सहल व्यवस्थापक म्हणून होतो. सहलीच्या दुसऱ्या दिवशी या एकाच गटाच्या दोन गाड्यांच्या वाट्याला दोन निराळे दिवस आले. पहिल्या गाडीने माहितीपत्रकात कबूल केलेले दृश्य, म्हणजे मारा नदी ओलांडणारा वाइल्डबीस्ट या हरणवर्गीय, गाईसारख्या दिसणाऱ्या प्राण्यांचा कळप, प्रत्यक्ष पाहिला आणि ती संध्याकाळी तक्रारींचे गाठोडे घेऊन तळावर परतली. दुसऱ्या गाडीला त्या दिवशी नदी दिसलीसुद्धा नाही; तरी तिच्यातील माणसे रात्री जेवण आटोपल्यावरही टेबलावरून उठायला तयार नव्हती. पाहुण्यांना काय दिसले यावरून सहलीचे यश मोजण्याची आमच्या व्यवसायातील पद्धत या ठिकाणी साफ उलटी पडली, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवण्याजोगे वाटते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. त्या दिवशी नदीकाठी जे बिघडले ते नदीकाठी बिघडलेले नव्हते. ते चार महिने आधी, पुण्यात बुकिंगच्या टेबलावर बिघडले होते. तेथे एका रानटी प्राण्याच्या लहरीला आम्ही कार्यक्रमपत्रिकेतील एका ओळीचे रूप दिले होते. ‘दिवस दुसरा : मारा नदीवर महास्थलांतराचा थरार.’

स्थळ, तिकीट आणि घड्याळ

मासाई मारा हे सुमारे १५०० चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र आहे. ते केनियाच्या राष्ट्रीय उद्यानांपैकी एक आहे असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्याचा कारभार राष्ट्रीय वन्यजीव खात्याकडे नसून नारोक परगण्याच्या सरकारकडे आहे, आणि नदीच्या पश्चिमेकडील ‘मारा ट्रँगल’ नावाचा सुमारे ५०० चौरस किलोमीटरचा भाग २००१ पासून एका ना-नफा संस्थेच्या व्यवस्थापनाखाली आहे. दक्षिणेला सीमेपलीकडे टांझानियाचे सेरेंगेटी आहे, जे माराच्या जवळजवळ दहापट मोठे आहे. वाइल्डबीस्टचे कळप वर्षभर या सगळ्या प्रदेशात पाऊस आणि कोवळे गवत यांच्या मागे फिरत असतात. त्यांची नेहमी सांगितली जाणारी संख्या १२ ते १३ लाख असून, त्यांच्यासोबत लाखांनी झेब्रे असतात. साधारण जुलैत ते माराकडे येतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पुन्हा दक्षिणेकडे वळतात आणि फेब्रुवारीच्या सुमारास सेरेंगेटीच्या दक्षिणेकडील मैदानांत वितात. या फेऱ्याला ना आरंभ आहे ना शेवट. मधल्या काही महिन्यांत हे कळप मारा नदी ओलांडतात; यालाच ‘क्रॉसिंग’ म्हणतात. आज या काठावरून त्या काठावर गेलेला कळप परवा परतही येतो, आणि असे का, याचे उत्तर त्यांच्यापैकी कोणालाही माहीत असावे असे दिसत नाही.

प्रकरण समजण्यासाठी तिकिटाची रचना जाणून घेणे आवश्यक आहे. जुलै २०२४ पासून हंगामाच्या सहा महिन्यांत, म्हणजे जुलै ते डिसेंबर, परदेशी प्रौढ व्यक्तीला प्रवेशासाठी दिवसाला २०० डॉलर पडतात. जानेवारी ते जून या काळात हाच दर १०० डॉलर आहे. आमच्या सहलीच्या वेळच्या भावाने २०० डॉलर म्हणजे माणशी जवळपास सतरा हजार रुपये होत होते. अभयारण्याबाहेरच्या तळावर राहणाऱ्यांसाठी हे तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असे बारा तास चालते. आमचा तळ पूर्वेकडील सेकेनानी फाटकाच्या बाहेर होता, कारण आतल्या तळांचे दर आमच्या गटाला परवडणारे नव्हते. या फाटकापासून नदीकडे जाणारा रस्ता कच्चा आहे आणि मध्ये कुठे न थांबताही दीड ते दोन तास लागतात. परतीचा तेवढाच वेळ हाताशी धरला, तर बारापैकी जेमतेम आठ तास उरतात. सहा जणांनी भरलेल्या गाडीचा प्रवेशखर्च त्या एका दिवसापुरता १२०० डॉलर होतो, हे गाडीतील प्रत्येकाला ठाऊक असते, आणि चालकाला ते सर्वांत जास्त ठाऊक असते.

सकाळ

पहिल्या गाडीत सहा जण होते : पुण्याचे बँकेतून निवृत्त झालेले दांपत्य, सांगलीच्या निवृत्त शिक्षिका, ठाण्याच्या दोघी मैत्रिणी आणि नाशिकचे एक संगणक अभियंते. अभियंत्यांनी या सहलीसाठी ६०० मिलिमीटरची लेन्स भाड्याने आणली होती, म्हणून पुढे त्यांना मी छायाचित्रकार म्हणतो. चालकाशेजारच्या आसनावर मी होतो. दुसऱ्या गाडीत कोल्हापूरचे एकच कुटुंब होते. आजी, आजोबा, मुलगा, सून आणि दहा वर्षांचा नातू.

ऑगस्टमधील माराची पहाट ही पहिल्यांदा येणाऱ्या मराठी माणसाची हमखास फजिती करते. आफ्रिका म्हणजे ऊन, असे धरून चालल्याने बॅगेत सुती कपडे भरलेले असतात. मैदान मात्र दीड हजार मीटरहून अधिक उंचीवर असल्यामुळे उघड्या छताच्या गाडीत सकाळी सहाला महाबळेश्वरच्या डिसेंबरची आठवण होते. तळावरून मिळालेल्या घोंगड्या गुडघ्यांवर घेऊन सगळे बसले होते. साडेसातच्या सुमारास आम्हाला एका उघड्या माळावर दोन सिंहिणी आणि त्यांचे पाच छावे सापडले. जवळ आणखी एकच गाडी होती. छावे एका मोडक्या फांदीवरून एकमेकांना ओढत होते, आणि एक सिंहीण आमच्या गाडीच्या सावलीत येऊन चक्क आडवी झाली. वीस मिनिटे गाडीत कोणी बोलले नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण मराठी गटात असे क्वचित घडते.

तेवढ्यात चालकाच्या रेडिओवर स्वाहिली बोलणे सुरू झाले. त्यातला ‘न्यूंबू’ हा शब्द, म्हणजे वाइल्डबीस्ट, आता गाडीतील सर्वांच्या ओळखीचा झाला होता. नदीच्या एका घाटावर कळप जमू लागला होता. चालकाने माझ्याकडे पाहिले, मी मागे वळून गटाला विचारले, आणि छायाचित्रकारांनी सर्वांच्या वतीने उत्तर दिले, “सिंह काय, परतताना पण दिसतील. क्रॉसिंग सोडायचं नाही.” शिक्षिकाबाई काही बोलणार होत्या, पण बोलल्या नाहीत. गाडी वळली.

दुसऱ्या गाडीला हाच निरोप मिळाला, पण तोपर्यंत नातवाला खाचखळग्यांच्या रस्त्याने दोनदा उलटी झाली होती. आजींनी चालकाला हाताने थांबवून सांगितले की पोराला आणखी आपटत न्यायचे नाही. आपण इथेच कुठेतरी बसू या. त्या गाडीच्या यशामागे कोणाचेही नियोजन नव्हते. एका मुलाचे पोट बिघडले, एवढेच त्याचे कारण.

नदीकाठी

आम्ही सव्वादहाला काठावर पोहोचलो तेव्हा तेथे चौतीस गाड्या मोजल्या. दुपारपर्यंत मोजणे सोडून दिले. पलीकडच्या काठावर काही हजार जनावरांचा कळप दाटीवाटीने उभा होता, आणि त्यांच्या घशातून सतत निघणारा तो ठसकेदार, अर्धवट घोरल्यासारखा आवाज पाण्यावरून येत होता. खाली पाण्यात पाणघोडे होते, वाळूच्या पट्ट्यावर दोन मगरी निपचित पडल्या होत्या, आणि आदल्या दिवशीच्या एखाद्या क्रॉसिंगमध्ये बुडालेली जनावरे वळणावरच्या खडकांना अडकून फुगली होती. त्यांचा वास वाऱ्याबरोबर येई आणि जाई. ‘नदीचा थरार’ असे माहितीपत्रकात छापताना या वासाचा उल्लेख कोणी करत नाही. वास्तविक या नदीचे ते मोठे वैशिष्ट्य आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार माराच्या पाण्यात दर वर्षी सरासरी ६२५० वाइल्डबीस्ट बुडतात आणि त्यांच्या मांसावर मासे, मगरी, गिधाडे, मराबू करकोचे असा सगळा गोतावळा पोसला जातो. मांस संपल्यावरही त्यांच्या हाडांतून फॉस्फरस कित्येक वर्षे पाण्यात झिरपत राहतो. हे मी गाडीत सांगितले तेव्हा बँकेतले काका म्हणाले, “म्हणजे नदीला नैवेद्यच की.” त्या पाच तासांत मोकळे हसण्याचा तेवढाच एक प्रसंग आला.

कळप काठावर येई, पुढची जनावरे उतारावर चार पावले खाली येत, पाणी हुंगत आणि अचानक सगळी धूळ उडवत मागे पळत. असे पाच वेळा झाले. वाइल्डबीस्टच्या कळपाला पुढारी नसतो. पहिले जनावर पाण्यात पडते ते बहुधा मागच्यांच्या रेट्याने, आणि ते पडले की बाकीचे त्याच्या मागे धावतात. त्यामुळे उतरण्याच्या त्या एका क्षणी काठावर काही हलले, इंजिनाचा आवाज झाला किंवा उन्हात काच चमकली, तरी सगळा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणूनच प्राण्यांनी पाण्यात पाय घालेपर्यंत गाड्यांनी काठापासून लांब थांबावे आणि मगच पुढे यावे, असा संकेत आहे. तो पाळला जातो की नाही हे वनरक्षक हजर असण्यावर आणि पहिल्या रांगेतील चालकाच्या संयमावर अवलंबून असते. चौथ्या वेळी कळप जवळजवळ उतरला होता, तेव्हा आमच्या डावीकडची एक गाडी जागा साधण्यासाठी वीसेक मीटर पुढे सरकली. कळप वळला. सगळ्या गाड्यांमधून एकाच वेळी निघालेला तो निःश्वास मला अजून ऐकू येतो.

आणखी एक गोष्ट अशी, की ती या विषयावरच्या लेखनात कधी वाचायला मिळत नाही आणि पाहुण्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, अनुभवात ती सगळ्यांत मोठी असते. गाडीतून उतरण्यास मनाई आहे आणि जवळपास शौचालय नाही. शिक्षिकाबाईंनी हे आदल्या दिवशीच हेरून सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. साडेबाराला त्यांनी मला हलकेच विचारले, “अहो, अजून किती वेळ? डोकं फार ठणकतंय.” मी चालकाला विचारले. झाडीपर्यंत जाऊन यायला अर्धा तास लागेल आणि ही जागा जाईल, असे तो म्हणाला. मागून छायाचित्रकारांनी ते ऐकले. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या न बोलण्याने सुद्धा उत्तर दिले. बाई म्हणाल्या, “राहू दे. मी थांबते.” मी त्या क्षणी गाडी हलवायला हवी होती. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातील ही सर्वांत मोठी चूक आहे आणि ती माझी आहे. पाच जणांच्या अपेक्षेला मी एका ज्येष्ठ बाईंच्या प्रकृतीपेक्षा अधिक वजन दिले, आणि तेही, पाचापैकी चौघांना न विचारता.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी आधी झेब्रे उतरले आणि त्यांच्यामागे वाइल्डबीस्टनी उड्या घेतल्या. पुढची चार-पाच मिनिटे नीट सांगता येणार नाहीत, कारण आम्हाला नीट दिसलीच नाहीत. सगळ्या गाड्या एकदम सुरू झाल्या, धुळीचा पडदा उठला, आणि आमच्यासमोर दोन व्हॅन आडव्या येऊन थांबल्या. त्यांच्या उंच केलेल्या छतांच्या मधल्या फटीतून तपकिरी पाणी, शिंगे आणि फेस एवढेच दिसत होते. ठाण्याच्या दोघी आसनावर चढून उभ्या राहिल्या. छायाचित्रकारांच्या लेन्सला एवढ्या जवळचे, एवढ्या अडथळ्यांमागचे काही टिपताच येत नव्हते. ६०० मिलिमीटरमधून समोरच्या व्हॅनमधल्या माणसाची टोपी तेवढी स्पष्ट आली. मग नदीच्या आमच्या बाजूला, जनावरे वर चढण्याच्या वाटेवर, गाड्यांची भिंत उभी राहिली असावी. पुढची जनावरे चढावाशी घुटमळली, मागची पाण्यातच फिरली, आणि कळपाचा मोठा भाग परत वळला. अंदाजे दोनेकशे जनावरे पार झाली. एक वासरू आमच्या काठावर आले आणि आईला शोधत गाड्यांच्या रांगेतून ओरडत फिरू लागले. त्या वासराकडे पाहत शिक्षिकाबाई म्हणाल्या, “चला आता. पुरे झालं.”

परतीच्या वाटेवर सिंहिणी दिसल्या नाहीत. सहाच्या आत फाटक गाठायचे होते, त्यामुळे शोधायला वेळही नव्हता.

दुसरी गाडी

कोल्हापूरकरांचा दिवस मला रात्री ऐकूनच कळला, आणि तो ऐकताना मी मनातून ओशाळलो. त्यांच्या चालकाने गाडी एका दलदलीच्या काठाला नेऊन उभी केली. तेथे हत्तींचे एक कुटुंब दोन तास चरत होते. नातवाचे पोट शांत झाल्यावर तो आणि चालक यांनी मिळून एक खेळ सुरू केला : हत्तीण गवताचा झुबका उपटते, तो पायावर आपटून माती झाडते आणि मग तोंडात घालते, तर प्रत्येक हत्तीण किती वेळा आपटते ते मोजायचे. म्हातारी हत्तीण तीनदा आपटायची. पिल्लू आपटण्याची नक्कल करायचे, पण त्याच्या सोंडेत गवतच नसायचे. आजोबांनी आयुष्यभर ऊस केला होता. ते म्हणाले, “आमच्या शिवारात भांगलणारी बाई तण अस्संच झाडते.” मग त्यांनी ठेपले आणि चटणी खाल्ली, चालकालाही दिली, नेमून दिलेल्या सहलीच्या जागेवर उतरून हातपाय मोकळे केले आणि दुपारी तरसांच्या एका बिळाशी जाऊन बसले. बिळातून काळी पिल्ले बाहेर येऊन गाडीच्या टायरचा वास घेऊन गेली. दिवसभरात त्यांना आणखी तीन गाड्या भेटल्या.

त्यांच्या यादीत ‘बिग फाइव्ह’पैकी (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस) त्या दिवशी फक्त हत्ती होता.

विश्लेषण

हा फरक केवळ गर्दीमुळे पडला असे म्हणून हे प्रकरण बंद करता येते, पण ते अपुरे ठरेल. मारामध्ये एका प्राण्याभोवती पाचहून अधिक गाड्या नकोत आणि इतर गाड्या ताटकळत असतील तर दहा मिनिटांत जागा सोडावी, असा नियम आहे. पहुडलेल्या सिंहासाठी किंवा झाडावरच्या बिबट्यासाठी हा नियम उत्तम आहे, कारण तेथे दृश्य टिकून असते आणि माणसे बदलता येतात. क्रॉसिंगचे तसे नाही. तेथे दृश्य चार मिनिटांचे आणि वाट पाहणे चार तासांचे असते. ज्याने चार तास उन्हात काढले आहेत तो शेवटच्या क्षणी जागा सोडणार नाही, आणि त्याने सोडावी अशी अपेक्षा करणेही फारसे न्याय्य नाही. म्हणून क्रॉसिंगच्या जागी प्रश्न गाड्यांच्या संख्येइतकाच, प्रत्येक गाडीने आत किती गुंतवणूक करून ठेवली आहे, याचाही असतो. तिकीट बारा तासांचे आणि महाग झाले की ही गुंतवणूक वाढते. दर वाढवल्याने गर्दी ओसरेल, हे गणित कागदावर बरोबर दिसते. प्रत्यक्षात जो येतो तो अधिक हट्टाने येतो.

गर्दीची किंमत प्राणी मोजतात, हे आता मोघम विधान राहिलेले नाही. माराच्या परिसरातील चित्त्यांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की पर्यटकांची वर्दळ अधिक असलेल्या भागात मादीची एका वेतातील सरासरी ०.२ पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत जगतात, तर कमी वर्दळीच्या भागात २.३. म्हणजे दहापटीहून अधिक फरक. २०२२ मध्ये कुनोत आणलेल्या चित्त्यांच्या एकेका पिल्लाची बातमी चवीने वाचणाऱ्या आपल्या वाचकांना या आकड्याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. जुलै २०२५ मध्ये सेरेंगेटीच्या उत्तर भागात गाड्यांतून उतरून नदीकाठी गर्दी केलेल्या पर्यटकांच्या चित्रफिती पसरल्या, तेव्हा टांझानियाच्या उद्यान प्राधिकरणाला त्याची दखल घ्यावी लागली. आणि यात आफ्रिकेकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. त्या अभयारण्यातील गोठणगावच्या रस्त्यावरची चित्रफीत आणि मी मारा नदीवर पाहिलेला देखावा यांत जनावर तेवढे वेगळे आहे.

यात चालकाची बाजू मांडली नाही तर लेखन एकतर्फी होईल. रात्री शेकोटीपाशी मी आमच्या चालकाला विचारले, की सिंहिणी सोडून निघताना तुला स्वतःला काय वाटले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “क्रॉसिंग दाखवलं नाही तर पाहुणे लिहितात की ड्रायव्हरला काही कळत नव्हतं. गर्दीत नेलं, असं आजवर कोणी लिहिलेलं नाही.” स्थलांतराच्या चार महिन्यांत मिळणाऱ्या बक्षिसीवर त्याच्या मुलांची वर्षाची फी भरली जाते. रेडिओवर निरोप आला असताना छाव्यांपाशी थांबणे हा त्याच्या दृष्टीने धोका होता, आणि तो धोका पत्करण्याची मुभा त्याला आम्ही दिलेली नव्हती. आमच्या माहितीपत्रकातील ती एक ओळ पुण्याहून थेट त्याच्या ॲक्सिलरेटरवर येऊन बसली होती.

पाहुण्यांच्या बाजूने पाहिले तर छायाचित्रकारांचा राग मला चुकीचा वाटत नाही. त्यांनी जे विकत घेतले ते तेच होते, जे आम्ही विकले होते. रात्री त्यांनी मला स्पष्ट विचारले, “तुम्हाला माहीत होतं ना असं असतं? मग आधी का नाही सांगितलं?” मला माहीत होते. हे माझे नववे वर्ष होते. कोल्हापूरच्या आजींना काही विकलेच गेले नव्हते. मुलगा तिकीट काढून घेऊन आला म्हणून त्या आल्या होत्या, त्यामुळे हत्तिणीने गवत आपटणे हा त्यांना निव्वळ लाभ होता. दोन्ही गाड्यांमधील खरे अंतर येथे आहे असे मला वाटते. पहिली गाडी दिवसभर एका वचनाची वसुली करत होती. दुसऱ्या गाडीचे कोणाकडे काही येणे नव्हते.

पुढे काय केले

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोन्ही चालकांना बरोबर घेऊन बसलो आणि गटाला निवड दिली : नदी किंवा नदी सोडून काहीही. छायाचित्रकार आणि ठाण्याच्या दोघींपैकी एक अशा दोघांनी पुन्हा नदी मागितली. त्यांना घेऊन मी गेलो, आणि त्या दिवशी कळप उतरलाच नाही. छायाचित्रकारांनी शेवटी भरलेल्या अभिप्रायाच्या अर्जावर पाचपैकी दोन गुण दिले आणि नदीच्या दिवसाचे शुल्क परत मागितले. कंपनीने ते दिले नाही. पुढच्या सहलीत सवलत देऊ केली. माझ्या मते पैसे द्यायला हवे होते, कारण आमच्या कागदावर ‘शक्यता’ हा शब्द कुठेही नव्हता. शिक्षिकाबाईंनी पाच गुण दिले, आणि खाली दोन ओळींत, पिण्याचे पाणी आणि शौचालय यांबद्दल निघण्यापूर्वी स्त्रियांना स्पष्ट सांगावे, अशी सूचना लिहिली.

पुढील हंगामासाठी मी तीन बदल सुचवले. पहिला, अभयारण्यालगतच्या तळावरील एक रात्र कमी करून ती भोवतालच्या एखाद्या सामुदायिक राखीव क्षेत्रात द्यावी. ही क्षेत्रे मासाई कुटुंबांच्या मालकीच्या जमिनी भाडेपट्ट्याने एकत्र करून उभी राहिली आहेत. त्यांपैकी नाबोइशोचे क्षेत्र सुमारे पन्नास हजार एकरांचे आणि पाचशेहून अधिक जमीनमालकांचे आहे. तेथे तळांची आणि गाड्यांची संख्या मर्यादित असते, पायी फिरता येते, रात्रीची फेरीही असते. मारा नदी मात्र नाबोइशोत नाही, आणि दर चढा आहे. कंपनीने हा बदल ‘ऐच्छिक, जादा शुल्कासह’ असा स्वीकारला, म्हणजे बहुतेक लोक तो घेणार नाहीत. दुसरा, रेडिओवर निरोप आला तरी समोरचे प्राणी सोडायचे की नाही हे गाडीने मिळून ठरवावे आणि चालकाची बक्षिसी क्रॉसिंगशी जोडली जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी गटासमोर बोलून टाकावे. याला खर्च काहीच नसल्याने तो लगेच मान्य झाला. तिसरा, कार्यक्रमपत्रिकेतील ती ओळ बदलावी.

ओळ बदलली. आता तेथे ‘निसर्गाच्या कृपेने संधी मिळाल्यास नदीकाठी वाट पाहणे; यास चार ते सहा तास लागू शकतात, या काळात गाडीतून उतरता येत नाही’ असे छापले जाते, आणि पाण्याविषयीची बाईंची सूचना त्याखाली ठळक अक्षरांत आहे. मुखपृष्ठावर पाण्यात उड्या घेणाऱ्या वाइल्डबीस्टचे छायाचित्र मात्र तसेच आहे. ते काढून हत्तिणीचे लावू या, असे मी म्हटले होते. विक्री विभागाने मला गेल्या वर्षीच्या चौकशीच्या नोंदी दाखवल्या. फोन करणारे बहुतेक जण पहिल्याच वाक्यात नदीविषयी विचारत होते.